झाकलं जाण्याआधी कोण बघतं? : विकसनशील देशांतल्या बांधकामाचं नियमन

ओळंबा:

आधी साइट इंजिनिअर म्हणून आणि नंतर इतरांची कामं तपासणारा म्हणून माझी पंचवीसेक वर्षं बांधकामात गेली. एवढ्या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली, ती इथे सविस्तर मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर खोडून काढावी.

बांधकामात प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याला गाडून टाकतो. पाया भरावाखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये, काँक्रीट गिलाव्याखाली आणि गिलावा रंगाखाली. घर घेणाऱ्याला दिसतो तो रंग. कापड घेताना सूत चिमटीत धरून बघता येतं. कॉलममधल्या उभ्या सळयांना वेढून बांधतात त्या रिंगा किती अंतरावर बांधल्यात, त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवलीत की ९० अंशांत दुमडून सोडून दिलीत, हे काँक्रीट पडल्यावर कुणालाच दिसत नाही. पुन्हा दिसतं ते ढिगाऱ्यातच.

म्हणून कुठल्याही देशाच्या बांधकाम कायद्याबद्दल मी पहिल्यांदा एवढंच विचारतो: काम झाकलं जाण्याआधी ते बघायला कोण येतं, त्याला कोण नेमतं आणि त्याचे पैसे कोण देतं?

२०१० साली दीड महिन्याच्या अंतराने दोन भूकंप झाले. १२ जानेवारीला हैतीत ७.० क्षमतेचा आणि २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८ क्षमतेचा. चिलीच्या भूकंपात बाहेर पडलेली ऊर्जा हैतीच्या साधारण पाचशेपट. हैतीत लाखाहून जास्त माणसं गेली. चिलीत त्सुनामीचे बळी धरूनही आकडा सव्वापाचशेच्या आसपास राहिला. हैती कितीतरी गरीब आहे, भूकंप राजधानीजवळ आणि कमी खोलीवर झाला, हे सगळं खरं. पण हैतीत देशभर लागू असलेली बांधकाम संहिताच, म्हणजे इमारत कशी बांधायची याचे नियमच, नव्हते. चिलीत संहिता होती, मोठ्या इमारतींचं संरचनेचं डिझाइन दुसऱ्या स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासून घ्यावं लागायचं, आणि इमारतीच्या सांगाड्यातल्या दोषासाठी पहिला विकणारा दहा वर्षं कायद्याने जबाबदार होता.

तुर्कस्तानचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. १७ ऑगस्ट १९९९ ला इझमित भागात भूकंप झाला, सरकारी आकड्याप्रमाणे १७,००० हून जास्त बळी. भूकंपरोधक बांधकामाचे नियम तिथे त्याआधीही होते. २००१ मध्ये त्यांनी तपासणीचा वेगळा कायदा केला: परवाना घेतलेल्या खाजगी कंपन्या कामावर देखरेख ठेवतील. कायद्यात कंपनी निवडायची होती जागामालकाने. प्रत्यक्षात निवड बिल्डरच्याच हातात राहिली. जी कंपनी जास्त प्रश्न विचारेल तिला पुढचं काम कोण देणार? ही फट बुजवायला २०१९ उजाडलं. तेव्हापासून कुठल्या इमारतीला कुठली कंपनी हे संगणक ठरवू लागला. त्याच्या आदल्याच वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर, बेकायदा बांधकामं पैसे भरून नियमित करून देणारी योजना आली होती. लाखो बांधकामं तिच्यात नियमित झाली. इमारत भूकंपात टिकेल का, हे कुणी जाऊन बघायचं नव्हतं. ती जबाबदारी मालकाच्या सहीवर सोडलेली होती. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपांत एकट्या तुर्कस्तानात ५०,००० हून जास्त माणसं गेली.

मेक्सिको सिटीची गोष्टही याच वळणाची. १९८५ च्या भूकंपानंतर तिथले नियम खरोखर सुधारले. बांधकाम नियमानुसार झाल्याची हमी देणारा परवानाधारक तज्ज्ञही होता, फक्त त्याची फी मालक द्यायचा. १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपात एक शाळा कोसळली, १९ मुलं आणि ७ मोठी माणसं गेली. त्या इमारतीवर वरच्या बाजूला राहतं घर चढवलेलं होतं आणि कागदांवर सहीसुद्धा होती.

आता माझ्या अनुभवातलं. एका कामावर मी नवीन होतो. काँक्रीटची ताकद तपासायला त्याचे क्यूब भरतात, १५० मिलिमीटरचे ठोकळे, आणि २८ दिवस पाण्यात ठेवून मशीनवर दाबून फोडतात. आमचे क्यूब दरवेळी उत्तम पास व्हायचे. एकदा मी सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचलो. क्यूबसाठीचं काँक्रीट एका कोपऱ्यात पत्र्यावर वेगळं कालवत होते. सिमेंट सढळ हाताने, पाणी मोजून. स्लॅबवर जाणाऱ्या मालात मात्र बादल्यांनी पाणी ओतलं जात होतं, कारण पातळ माल पसरायला सोपा जातो. मी ते अहवालात लिहिलं. आमची फी बिल्डर देत होता. अहवाल ‘दुरुस्त’ करून मागण्यात आला, मी नाही म्हटलं, आणि पुढच्या महिन्यात मला दुसऱ्या कामावर पाठवलं. ती इमारत आजही उभी आहे, तिच्यात कुटुंबं राहतात. कुठेही भूकंपाची बातमी आली की मला तो पत्रा आठवतो.

माझं म्हणणं असं: काम सक्तीने थांबवायचे थांबे कायद्यात ठरलेले हवेत. पाया भरण्याआधी, कॉलमचं काँक्रीट ओतण्याआधी आणि प्रत्येक स्लॅबआधी. तिथे बघायला येणारा माणूस चिठ्ठी टाकून निवडलेला असावा. त्याची फी बांधकाम परवानगीच्या वेळीच सरकारी खात्यात जमा व्हावी आणि काम पास केलं काय, नापास केलं काय, त्याला तेवढीच मिळावी. त्याची सही आणि त्या दिवसाचे फोटो साइटच्या फलकावर आणि इंटरनेटवर, कुणालाही बघता येतील असे.

---

भूगर्भ:

ओळंबा, लेख आवडला. दोन भर.

रॉजर बिल्हम आणि निकोलस अँब्रासेस या दोन भूकंपतज्ज्ञांनी २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये एक हिशेब मांडला होता. आधीच्या तीस वर्षांत भूकंपात इमारती कोसळून जे मृत्यू झाले, त्यातले ८३ टक्के अशा देशांत झाले जिथे उत्पन्नाच्या मानाने अपेक्षित असतो त्यापेक्षा भ्रष्टाचार जास्त आहे. ‘उत्पन्नाच्या मानाने’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. गरिबी हे कारण आहेच, पण तेवढ्याच गरीब दोन देशांतही फरक पडतो.

दुसरं, लपलेला दोष नेहमी साइटवरच असतो असं नाही. १९८६ मध्ये सिंगापूरमध्ये हॉटेल न्यू वर्ल्ड ही सहा मजली इमारत एका मिनिटात खाली आली, ३३ माणसं गेली. चौकशीत निघालं की डिझाइन करताना इमारतीचं स्वतःचं वजन धरायचंच राहून गेलं होतं. पंधरा वर्षं ती तशीच उभी होती. त्यानंतर १९८९ च्या कायद्याने तिथे डिझाइन करणाऱ्यापेक्षा वेगळा, मान्यताप्राप्त तपासनीस सक्तीचा झाला, आणि डिझाइन करणाऱ्याशी किंवा बिल्डरशी त्याचे हितसंबंध असता कामा नयेत अशीही अट आली. तुमचे थांबे साइटवर सुरू होतात. पहिला थांबा कागदावरच हवा.

---

उंबरठा:

मी छोटा बिल्डर आहे. तीन-चार मजल्यांच्या इमारती बांधतो. इथे सगळे तपासणाऱ्याच्या बाजूने बोलणार हे माहीत असूनही लिहितोय, कारण ही बाजूही समजून घ्यायला हवी.

सळई बांधून तयार आहे, सेंट्रिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतायच्या फळ्या-टेकूंचं, भाडं रोज चढतंय, टोळी बसून आहे आणि बघायला येणारा साहेब चार दिवस येत नाही. त्या चार दिवसांचा खर्च काढा. लाचेचा भाव तेवढाच असतो. चांगलं काम करणाऱ्यालाही तो द्यावा लागतो, कारण साहेबाला चांगलं-वाईट बघायचंच नसतं. प्रत्येक नव्या थांब्याला तुम्ही एक नवी खिडकी उघडून देताय. माझ्याकडे एकदा साहेबाने साइटवर पाय न ठेवता सही केली आहे. काम चांगलं होतं, पण त्या सहीचा कामाशी काय संबंध?

अशाने जो नियम पाळतो तो महागात पडतो आणि न पाळणारा स्वस्त विकतो. गिऱ्हाईक स्वस्त घेतं.

---

शर्वरी:

उंबरठा, तुमचं दुखणं खरं आहे, पण ओळंबा आणि तुम्ही दोघंही ज्या इमारतींबद्दल बोलताय त्या निदान कुणाच्या तरी नोंदीत असतात. मी वास्तुविशारद आहे आणि माझा बराच काळ छोट्या घरांवर गेला. विकसनशील देशांतली बहुतेक घरं कुणाही इंजिनिअरशिवाय बांधली जातात. मालक, गवंडी आणि शेजारच्या घराचा नमुना. पैसे येतील तसं एकेक खोली, एकेक मजला. तिथे नकाशाच नसतो, तर थांबा कसला?

अशा घरांना जाडजूड संहिता दाखवली की ती अजूनच नियमाबाहेर जातात. मला यात नेपाळची वाट पटते. १९८८ च्या भूकंपानंतर तिथे १९९४ मध्ये संहिता तयार झाली आणि तिच्यात एक शहाणपणाची गोष्ट होती: छोट्या घरांसाठी तयार मापं. इंजिनिअरकडून हिशेब करून न घेता, अमुक उंचीच्या आणि अमुक गाळ्याच्या घराला कॉलम एवढा, सळया एवढ्या, रिंगा एवढ्या अंतरावर. गवंड्याला वाचून करता येईल असं. दुर्दैवाने बरीच वर्षं ती फार थोड्या नगरपालिकांनी लावली. ललितपूरने २००३ च्या सुमारास सुरुवात केली.

मग २०१५ चा भूकंप आला, सुमारे ९,००० माणसं गेली. पुनर्बांधणीत सरकारने घरटी तीन लाख नेपाळी रुपये दिले, पण हप्त्यांनी. पाया बघून दुसरा हप्ता, भिंती बघून तिसरा. घर मालकानेच बांधायचं, गवंडी त्याचाच, मात्र झाकलं जाण्याआधी इंजिनिअर येऊन बघणार. हजारो गवंड्यांना प्रशिक्षण मिळालं. त्यात उशीर झाला, हाल झाले, इंजिनिअर कमी पडले, हे सगळं झालं. पण तुमचा थांबा तिथे दंडाच्या भीतीने चालला नाही. तपासणी झाली की मालकाच्या हातात पैसे पडत होते, म्हणून तोच इंजिनिअरला बोलावत होता.

---

जुना_मुकादम:

बारावीनंतर हजेरी लिहायला लागलो, पुढे मुकादम झालो. आता थांबलो आहे. सगळ्यांचं वाचलं. जो माणूस प्रत्यक्ष रिंग बांधतो त्याचं नाव अजून कुणी काढलं नाही, म्हणून लिहितो.

सळई बांधणाऱ्याला पैसे टनावर मिळतात. जाड सळई उचलून ठेवली की वजन भरतं. रिंगा बारीक असतात, वजन काहीच नाही आणि वेळ सगळा त्यांच्यातच जातो. रिंगा दहा सेंटिमीटरवर बांधल्या काय आणि वीसवर बांधल्या काय, बिलात फरक किरकोळ पडतो, पण दहावर बांधायला दिवस मात्र दुप्पट जातात. टोक १३५ अंशांत वाकवलं की रिंग वरून सरकवायला त्रास होतो, हात सोलवटतात. म्हणून ९० वर सोडतात. पोराला कुणी सांगितलेलंच नसतं की त्या टोकावर किती माणसांचा जीव आहे. मलाही कामाला लागून दहा वर्षं होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. एका इंजिनिअर बाईंनी एक दिवस सगळ्या टोळीला बसवून दाखवलं, सुतळीने बांधलेली काटक्यांची मोळी दाबून. सुतळी सुटली की काटक्या बाहेर फाकतात, तसंच कॉलमचं होतं. त्यानंतर आमच्या टोळीने ९० ची रिंग बांधली नाही. सांगितलं तर माणूस करतो.

आता साखळी बघा. मोठा ठेकेदार काम घेतो, तो उपठेकेदाराला देतो, तो लेबर कॉन्ट्रॅक्टरला, तो गावाकडून उचल देऊन टोळी आणतो. प्रत्येक जण आपला हिस्सा काढून घेतो आणि खाली उरतं त्यात काम करायचं असतं. परांची बांबूची, तीही जुन्या सुंभाने बांधलेली. सुरक्षेचा पट्टा असतो तो कपाटात, तपासणी आली की बाहेर निघतो. माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगा चौथ्या मजल्याच्या कडेवरून गेला. हजेरीवर त्याचं नाव नव्हतं. नाव नाही म्हणजे तो कामावर नव्हताच, असं सांगितलं गेलं. त्याच्या भावाला मी साक्ष देतो म्हणालो, पण विचारायलाच कुणी आलं नाही.

नियमन करायचं असेल तर पहिलं काम म्हणजे साइटवरच्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा आणि मजुरी मोठ्या ठेकेदाराच्या गळ्यात घाला. मधला पळून गेला तर वरच्याने द्यायची.

---

निरंजना:

जुना_मुकादम, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तुम्ही म्हणता ती वरच्या ठेकेदाराची जबाबदारी कायद्याला अनोळखी नाही. साइटवरच्या सुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८८ चा करार आहे, क्रमांक १६७. एका जागी अनेक ठेकेदार असतील तर सुरक्षेच्या समन्वयाची जबाबदारी मुख्य ठेकेदारावर, असं त्यात स्पष्ट आहे. भारतात १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे झाले आणि बांधकाम खर्चाच्या १ ते २ टक्के उपकर कामगारकल्याणासाठी घ्यायचं ठरलं. पैसा जमाही झाला. पण तो ज्याच्यासाठी जमला त्या कामगाराची नोंदच नसल्याने मोठा भाग वर्षानुवर्षं पडून राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाला त्यावर कठोर बोलावं लागलं. म्हणजे गाडं पुन्हा तुमच्या हजेरीपाशीच अडतं.

मी वकील आहे, म्हणून नंतरच्या जबाबदारीबद्दल थोडं. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेपासून बांधणारा आणि वास्तुविशारद दहा वर्षं जबाबदार, ही कल्पना जगभर गेली. इजिप्तच्या नागरी संहितेत ती आहे, फ्रेंच कायद्याच्या छायेतल्या बऱ्याच आफ्रिकी देशांतही आहे. भारतात घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षं संरचनेचा दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. वाचायला छान वाटतं. पण माझ्याकडे येणारे लोक विचारतात, दावा कुणावर लावायचा? प्रत्येक इमारतीसाठी वेगळी कंपनी काढतात, शेवटचा फ्लॅट विकला की कंपनीत काही उरत नाही. दहा वर्षांची जबाबदारी आणि दोन वर्षांची कंपनी. फ्रान्सने १९७८ मध्ये याला तोड काढली, दहा वर्षांच्या जबाबदारीचा विमा काम सुरू होण्याआधीच सक्तीचा केला. कंपनी गेली तरी विमा राहतो. आणि विमा कंपनीचे स्वतःचे पैसे अडकलेले असल्याने मोठ्या कामांवर ती तांत्रिक तपासणी मागतेच.

ओळंबा, तुमच्या तपासनिसाला खरी ताकद विमा कंपनीच देऊ शकेल असं मला वाटतं. सरकारी चिठ्ठीपेक्षा हे जास्त टिकेल.

---

हिशेबनीस:

सरकारी कामांबद्दल कुणीच लिहिलं नाही. रस्ते, शाळा, दवाखाने, पूल. बहुतेक विकसनशील देशांत सरकार हेच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असतं. म्हणजे इथे नियम करणारा आणि काम करून घेणारा एकच.

मी ठेकेदारांच्या बिलांचं काम केलं आहे. सगळ्यात कमी निविदा भरणाऱ्याला काम जातं. अंदाजपत्रकापेक्षा पुष्कळ खाली भरलेल्या निविदेत नफा कुठून काढणार? सिमेंटमधून, सळईतून, मजुरीतून, नाहीतर मध्येच ‘जादा काम’ दाखवून. त्यात बिलं वेळेवर निघत नाहीत. सहा-सहा महिने बिल अडकलं की छोटा ठेकेदार व्याजाने पैसे उचलतो आणि ते व्याजही शेवटी काँक्रीटमधूनच वसूल होतं. बिल ठरलेल्या मुदतीत न दिल्यास सरकारने आपोआप व्याज द्यायचं, ही अट मला कुठल्याही तपासणीइतकीच गरजेची वाटते. तिच्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही.

ठेकेदारांच्या नोंदणीची मंडळं बऱ्याच ठिकाणी आली. मलेशियात १९९४, टांझानियात १९९७, दक्षिण आफ्रिकेत २०००, केनियात २०११. ठेकेदाराची प्रतवारी ठरते, कोण किती मोठं काम घेऊ शकतो याला मर्यादा येते. चांगलंच आहे. पण परवाना भाड्याने देणं सगळीकडे चालतं. नाव मोठ्याचं, काम भलत्याचं.

मार्च २०२५ ची बँकॉकची घटना आठवते का? म्यानमारच्या भूकंपात, केंद्रापासून सुमारे १,००० किलोमीटरवर, एवढ्या मोठ्या शहरात एकच बहुमजली इमारत पूर्ण कोसळली. बांधकाम चालू असलेली, तिशीच्या वर मजल्यांची. ती सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची होती. देशाचे हिशेब तपासणाऱ्या संस्थेची स्वतःची इमारत. ढिगाऱ्यातल्या काही सळयांचे नमुने चाचणीत नापास झाल्याचं तिथल्या उद्योग मंत्रालयाने सांगितलं. कागदावर पाहिलं तर पारदर्शकतेचे करारही त्या कामाला होते. हे वाचल्यापासून ओळंबांच्या पहिल्या प्रश्नाचं वजन मला जास्त कळायला लागलं आहे.

---

ओळंबा:

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या मूळ लिखाणात मोठ्या उणिवा होत्या, त्या भरून निघाल्या. जुना_मुकादम, टनाच्या दराचं गणित मी इतकी वर्षं साइटवर असून कधी मांडलं नव्हतं. रिंगांची मजुरी नगावर वेगळी द्यायला हवी. हे उद्यापासून कुठलाही ठेकेदार करू शकतो, कायदा लागत नाही. आणि त्या मुलाबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

उंबरठा, तुमची हरकत सगळ्यात अवघड आहे. चार दिवस न येणारा साहेब हीच लाचेची खरी जागा, हे कबूल. मला सुचणारा उपाय: निरोप दिल्यापासून ४८ तासांत तपासनीस आला नाही तर काम आपोआप पास होऊ नये, त्याच क्षणी चिठ्ठीने दुसऱ्याचं नाव निघावं आणि पहिल्याची फी त्याला जावी. एका खिडकीवर एकच माणूस बसलेला असतो म्हणून भाव ठरतो. पन्नास जणांतून कोण येईल हे माहीतच नसेल तर ठरवणार कुणाशी?

निरंजना, विम्याबद्दल थोडा मतभेद. जिथे विमा कंपन्या बळकट आहेत आणि कोर्ट वेळेत निकाल देतं तिथे हे उत्तम चालेल. जिथे दावा पंधरा वर्षं चालतो तिथे विमा कंपनीही तपासणीत हात आखडता घेईल, कारण तिला पैसे द्यावे लागण्याची वेळच लवकर येत नाही. शिवाय विमा इमारत पडल्यावरचे पैसे देतो. मला सळई झाकली जाण्याआधीचा माणूस हवा आहे. दोन्ही असावेत, पण आधी कुठून सुरुवात करायची असं विचाराल तर मी थांब्यापासून म्हणेन.

सगळे अहवाल लोकांसमोर ठेवण्याने काय होतं याचं एक उदाहरण राहिलं होतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साव्हारमध्ये राणा प्लाझा कोसळला, १,१०० हून जास्त कामगार गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र आत बोलावलं. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते. त्यानंतर परदेशी कपडे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधील असा करार झाला. त्यात तपासणी करणारे इंजिनिअर कारखानदाराने नेमलेले नव्हते आणि प्रत्येक कारखान्याचा अहवाल जाहीर व्हायचा. दीड हजारांहून जास्त कारखाने तपासले गेले. कारखानदार तेच, शहर तेच, लोखंड तेच. फक्त बघणारा त्यांच्या पगारावर नव्हता आणि त्याने लिहिलेलं लपवता येत नव्हतं.

---

उंबरठा:

४८ तासांची अट असेल तर मी सर्वात आधी सही करेन. पण ज्याचं काम नापास झालं त्याला दाद मागायला जागा हवी, तीही तितक्याच लवकर. तपासणारा चुकूही शकतो.

---

ओळंबा:

मान्य. एक दिवसात दुसऱ्या इंजिनिअरने येऊन बघावं, त्याचंही नाव चिठ्ठीनेच निघावं. पहिला चुकलेला निघाला तर त्या दिवसाचं सेंट्रिंगचं भाडं तपासणीच्या निधीतून तुम्हाला मिळावं.

---

शर्वरी:

एक व्यावहारिक विचारते. ओळखीतल्या एका कुटुंबाचं छोटं घर उभं राहतंय, दोन मजली. पुढच्या आठवड्यात पहिला स्लॅब आहे. मी नकाशा करून दिलाय, पण साइटवर रोज जाणं होत नाही आणि तपासायला येणारं कुणी नाही. घरातल्या माणसांनी स्वतः काय बघावं, तुम्ही लोक सांगाल का?

---

जुना_मुकादम:

काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी जा, सकाळी नको. सकाळी मिक्सर सुरू झाला की कुणी कुणाचं ऐकत नाही.

---

ओळंबा:

आदल्या संध्याकाळी, अगदी बरोबर. मेजर टेप घेऊन जा. स्लॅबच्या सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे ती उचलून धरणारे छोटे ठोकळे, ठेवलेत का बघा, सळई फळीला टेकलेली नको. किमान २० मिलिमीटर वर हवी, कॉलममध्ये बाजूने ४०. बीम आणि कॉलम जिथे भेटतात त्याच्या वर-खाली रिंगा दाट हव्यात, साधारण १०० मिलिमीटरवर, आणि सांध्याच्या आतही हव्यात. तिथेच सगळ्यात जास्त वगळतात. टोकं आत वळलेली. कॉलमच्या सळयांचे जोड जमिनीलगत नकोत, मधल्या उंचीवर हवेत, आणि सगळे एकाच पातळीवर नकोत. स्लॅबवर चालून बघा, वरच्या सळया पायाखाली दबत असतील तर त्यांना खालून आधार देणाऱ्या वाकवलेल्या सळया, म्हणजे खुर्च्या, कमी आहेत.

काँक्रीटच्या दिवशी एकाच गोष्टीवर नजर ठेवा, पाणी. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मजूर बादली उचलतील, तेव्हा न भांडता व्हायब्रेटर, म्हणजे काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र, नीट चालवायला सांगा. नंतर निदान दहा दिवस स्लॅब ओला राहू दे. टेकू दोन आठवडे हलवू देऊ नका, बीमखालचे तीन आठवडे, कितीही घाई असली तरी. वरचा स्लॅब टाकताना खालचे टेकू पुन्हा लावायला सांगा.

सगळ्याचे फोटो काढून ठेवा, टेप सळईला लावून, तारखेसह.

---

शर्वरी:

लिहून घेतलं. ते कुटुंब नवखं आहे, म्हणून आदल्या संध्याकाळी मीच जाते आहे. सळई बांधणाऱ्या टोळीलाही थांबायला सांगितलंय. जुना_मुकादम, ती काटक्यांची मोळी आणि सुतळी मी सोबत नेणार आहे.